तिफणीची पेटी

आबांनी केलेली शेवटची तिफण दुकानामागं बरीच वर्षं पडून होती. बाबा म्हणाले, ‘सरपणाला देऊन टाकू.’ मी म्हटलं, ‘मला द्या.’ त्यानंतर एक पातं तुटलं, दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही, आणि शेवटी त्याच लाकडातून एक पेटी निघाली. त्या पेटीची ही गोष्ट.

देवगाव फाटा माहितीये? मंठ्याहून जिंतूरकडं जाताना सेलूचा रस्ता जिथं फुटतो, तो फाटा. बहुतेकांना तो एसटीच्या खिडकीतूनच माहिती असतो. पाच मिनिटं गाडी थांबते, कुणी चहा मारतं, कुणी उतरून सेलूच्या जीपकडं पळतं, गाडी निघाली की फाटा मागं. आम्ही मात्र तिथंच राहतो. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, बाहेर उभ्या केलेल्या दाराच्या चौकटी, आत देव्हारे, पलंग आणि सगळीकडं भुसा. हे आमचं दुकान.

आमच्या घरात सुतारकी तीन पिढ्यांची. आबा, म्हणजे माझे आजोबा, औतं करायचे. तिफण, वखर, नांगर, बैलगाडीची चाकं. बलुतं होतं. वर्षभर गावाची औतं भरून द्यायची आणि सुगीला खळ्यावरून ज्वारी आणायची. बाबांनी औतं फारशी केलीच नाहीत. लोखंडी औतं आली, ट्रॅक्टर आला. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातसुद्धा बैलांच्या औतांवर संशोधन चालतं, तिथली सुधारित औतंही लोखंडाचीच. त्यात चुकीचं काही नाही. लाकडी दिंडाला दर हंगामाला डागडुजी लागते, लोखंडाला लागत नाही. मग बाबा चौकटी आणि देव्हाऱ्यांकडं वळले.

आबांनी केलेली शेवटची तिफण ज्या शेतकऱ्यासाठी होती, त्यानं त्याच वर्षी ट्रॅक्टरनं पेरणी केली. तिफण न्यायला तो आलाच नाही. आबांनी कधी पैसे मागितले नाहीत आणि तिफण कुणाला दिलीही नाही. ती दुकानामागं भिंतीला टेकून राहिली. ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला. चाडं कुणीतरी शोभेला म्हणून मागून नेलं. नळे कुजले. उरलं ते दिंड, म्हणजे तिफणीचा तो आडवा जाड ठोकळा, ज्यात दाते बसवतात. बाभळीचं. पाच इंच रुंद, पाच इंच जाड.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दुकानामागची जागा साफ करायला काढली आणि हे दिंड माझ्या पायाशी येऊन पडलं.

रील बघून सुचलेलं

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुताराच्या घरातली पोरगी असले तरी तोवर दुकानात माझं काम दोनच गोष्टींचं होतं, पॉलिश पेपर घासायचा आणि हिशेबाची वही लिहायची. मशीनला हात लावायचा नाही. हा नियम कुणी सांगितलेला नव्हता, पण होता.

फोनवर एक व्हिडिओ बघितला होता. एक माणूस लाकडाचा एकच ठोकळा घेतो, त्यावर पेन्सिलीनं वळणावळणाची नक्षी काढतो आणि बँडसॉवर कापत जातो. पंधरा-वीस मिनिटांत त्याच ठोकळ्याची खणवाली पेटी होते. खिळा नाही, सांधा नाही, बिजागरी नाही. याला ‘बँडसॉ बॉक्स’ म्हणतात आणि परदेशात हौसेनं सुतारकाम करणाऱ्या लोकांत ती खूप आवडती आहे.

नेहमीची पेटी फळ्या जोडून होते. चार बाजू, तळ, झाकण. प्रत्येक फळी काटकोनात पाहिजे, प्रत्येक सांधा बसला पाहिजे. बँडसॉची पेटी उलट्या वाटेनं जाते. ठोकळा आधी, मग त्याच्या पोटातून खण कापून काढायचा, खण पोकळ करायचा आणि परत त्याच जागी सरकवायचा. त्यामुळं पेटीच्या तोंडावर लाकडाच्या ज्या रेषा असतात त्या खणावरूनही तशाच अखंड जातात. खण बंद असला तर तो कुठं सुरू होतो ते पटकन कळत नाही.

आणि बँडसॉ तर आमच्या दुकानात होतीच. चौदा इंची चाकांची, जुनी, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. देव्हाऱ्याच्या कमानी आणि महिरपी कापायला ती लागते.

पात्याची गोष्ट

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. वखारीत ओंडके चिरणारी मोठी आरा मशीन बघितलीये ना? तिची ही धाकटी बहीण. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून पट्ट्यासारखं फिरणारं दातेरी पातं. पातं टेबलातून सरळ खाली जातं. म्हणून लाकूड कायम टेबलावर दाबलं जातं, गोल करवतीसारखं मागं अंगावर फेकलं जात नाही. पातं अरुंद असल्यामुळं लाकूड हवं तसं वळवता येतं. पाव इंच रुंदीचं पातं साधारण पाऊण इंच त्रिज्येचं वळण आरामात घेतं. त्याहून बारीक वळण पाहिजे तर त्याहून बारीक पातं.

ही कल्पना फार जुनी आहे. विल्यम न्यूबेरी नावाच्या इंग्रज माणसाला १८०९ च्या सुमारास बँडसॉचं पेटंट मिळालं. पण पुढं जवळजवळ चाळीस वर्षं ही मशीन नुसती कागदावरच राहिली, कारण पातं टिकायचंच नाही. सरळ पट्टी वाकवून तिची दोन टोकं जोडली की गोल पातं होतं. पण ते चाकावरून फिरताना सतत वाकतं आणि सरळ होतं, आणि जिथं जोड आहे तिथंच तुटतं.

हिशेब करून बघा. आमच्यासारख्या चौदा इंची मशीनचं पातं साधारण २.३७ मीटर लांब असतं आणि मिनिटाला सुमारे ९०० मीटर वेगानं पळतं. म्हणजे मिनिटाला तीनशे ऐंशीच्या आसपास फेऱ्या. प्रत्येक फेरीत दोन चाकांवर दोनदा वाकणं. एका मिनिटात साडेसातशेहून जास्त वेळा. स्टीलची तार हातानं पुढंमागं वाकवून तोडतो ना आपण, तेच. फिजिक्सच्या पुस्तकात त्याला ‘फटीग’ म्हणतात.

हा जोड टिकवायची पद्धत शोधली एका फ्रेंच बाईनं. अ‍ॅन पॉलिन क्रेपाँ तिचं नाव. १८४६ मध्ये तिनं पेटंटसाठी अर्ज केला आणि मग पॅरिसच्या पेराँ कंपनीनं तिच्याकडून ती पद्धत वापरायचा हक्क घेतला. त्या कंपनीनं चांगलं पोलाद आणि चांगलं पाणी देण्याची पद्धत तिला जोडली, तेव्हा कुठं बँडसॉ कारखान्यांत चालायला लागली. आजही वखारीत पातं फिरतंय ते अशाच पक्क्या जोडावर. हे वाचलं तेव्हा मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘बरं.’ आणि परत कामाला लागले.

पहिली पेटी फसली

बाबांनी लगेच होकार दिला नाही. त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीला टोक नाही. ते गोल करवतीवर गेलं, मी चौथीत असताना. त्यावर घरात कुणी बोलत नाही. पण मी मशीनबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी ते बोट अंगठ्यानं चोळलं, हे मला दिसलं.

‘आधी आंब्यावर कर,’ ते शेवटी म्हणाले. पॅकिंगचं आंब्याचं लाकूड दुकानात पडलेलं असतं. त्याच्या तीन फळ्या एकावर एक चिकटवून ठोकळा केला, शिकंज्यात आवळून रात्रभर ठेवला. सकाळी चित्र काढलं. फुलपाखरू. फारच हौस होती.

फुलपाखराची वळणं पात्याला घेताच येईनात. मी लाकूड जोरात ढकलायला लागले, तसं पातं आतल्या आत वाकलं. वरून रेघ बरोबर आणि खालून अर्धा इंच सरकलेली. खण कापून काढला तर तो वरून जातो, खालून जात नाही. बाबा मागं उभे होते. म्हणाले, ‘ढकलायलीस कशाला? पातं जेवढं खाईल तेवढंच दे त्याला.’ मग टेबलाला गुण्या लावून दाखवला. टेबल आणि पातं काटकोनात नव्हतंच. कमानी कापताना दोन-तीन मिलिमीटर इकडंतिकडं चालतं, खणाला चालत नाही.

दुसरी पेटी साधी केली. नदीतल्या गोट्यासारखा आकार, एकच खण. ती जमली. आईनं त्यात सेफ्टीपिना ठेवल्या. मग मी दिंडाकडं वळले.

खिळा

जुन्या लाकडात सगळ्यात मोठी भीती लोखंडाची. दिंडाला पट्ट्या मारलेल्या असतात, फुटू नये म्हणून खिळे ठोकलेले असतात. खिळ्यावर पातं गेलं की दात जातात, नाहीतर पातंच जातं. मला हे माहिती होतं. एका तुटक्या स्पीकरचं चुंबक घेऊन मी सगळं दिंड तपासलं. दोन खिळे सापडले, ते काढले. मग दात्यांची भोकं सोडून मधला फूटभराचा तुकडा कापला, मशीनवर ठेवला आणि बटण दाबलं.

दोन इंच आत गेल्यावर फाटदिशी आवाज झाला. एवढा मोठा की बाहेर चहाच्या टपरीवरची माणसं उभी राहिली. पातं तुटून आतल्या आत कोंबलं गेलं होतं. झाकण बंद होतं आणि पात्यावरची जाळी लाकडापर्यंत खाली ओढलेली होती, म्हणून मला काही झालं नाही. बोटं दोन्ही जागेवर होती. मी ती दोनदा मोजली.

बाबांनी मेन स्विच बंद केला. एक शब्द बोलले नाहीत. पातं काढलं, गुंडाळलं, कोपऱ्यात टाकलं. दुपारी जेवताना एवढंच म्हणाले, ‘उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही.’

दुकानात देव्हाऱ्याची ऑर्डर अर्धवट राहिली होती. पातं जोडून आणायला जालन्याला जावं लागणार होतं. म्हणजे माझ्या हौसेपायी त्यांचा दीड दिवस गेला. मी गप्प बसले. बोलणार तरी काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा काठी टेकत दुकानात आले. ऐंशीच्या पुढचं वय, डोळ्याला कमी दिसतं. तो अर्धा कापलेला तुकडा त्यांनी मांडीवर घेतला आणि मला म्हणाले, ‘रंधा आन.’ मी रंधा दिला. त्यांनी वरची करडी, उन्हानं करपलेली साल दोन-तीन हातात उतरवली. खाली लाकूड तांबूस-तपकिरी निघालं. नुकतं कापल्यासारखं. आणि त्यात एका जागी शाई सांडल्यासारखा काळानिळा डाग.

‘हितं हाय बघ,’ आबा म्हणाले. ‘बाभळीत लोखंड काळं दिसतंय. चुंबकाला कशाला इचारतीस, लाकडाला इचार.’

खिळ्याचं डोकं कधीच गंजून गेलं होतं. उरलेला बारीक तुकडा दीड इंच खोल होता, स्पीकरच्या चुंबकाला तो कळला नाही. पण लाकडाला कळला होता. मला एकदम केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आठवलं. बाभळीत टॅनिन भरपूर असतं. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळं संयुग तयार होतं. जुन्या काळी शाई करायचे ती ह्याच रिअ‍ॅक्शननं. आबांनी हा धडा कुठल्या वर्गात शिकला नव्हता, पण खिळा कुठं आहे हे त्यांना समजलं आणि मला समजलं नव्हतं.

मग आम्ही दोघांनी मिळून चारही बाजू रंधल्या. आणखी एक डाग सापडला. पटाशीनं तेवढा भाग कोरून दोन्ही खिळे काढले. काम करता करता आबा सांगत होते. बाभूळ तोडली की काही महिने पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे कीड लागत नाही. मग सावलीत वाळवायची. उन्हात टाकली की फाटते. ही बाभूळ कुठल्या बांधावरची होती तेही त्यांना आठवत होतं.

बाबा हे सगळं लांबून बघत होते. संध्याकाळी जालन्याहून पातं जोडून आलं. ते त्यांनी स्वतः चढवलं, ताण दिला, चाक हातानं फिरवून बघितलं. म्हणाले, ‘मी स्विचपाशी उभा राहतो. तू काप.’

एका ठोकळ्यातून पेटी

कशी होते पेटी, ते क्रमानं सांगते.

आधी कागदावर पेटीचा समोरचा आकार काढायचा आणि तो ठोकळ्याच्या तोंडावर चिकटवायचा. ठोकळा टेबलावर पाठीवर झोपवायचा, तोंड वर. मी आकार साधा ठेवला. वरून बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, खाली सपाट. सपाट बूड महत्त्वाचं, का ते पुढं कळेल. बाहेरच्या रेघेवरून कापलं की पेटीचा बाहेरचा आकार तयार.

मग तो बुडावर उभा करायचा आणि पाठीमागून सहा मिलिमीटरची एक चकती कापायची. ही पेटीची पाठ. ती बाजूला ठेवायची, हरवायची नाही.

आता खण. ठोकळा परत झोपवायचा. पातं बाहेरून आत न्यायचं, खणाच्या रेघेवरून पूर्ण फिरवायचं आणि आलेल्या फटीतूनच बाहेर काढायचं. मधला गाभा सुटून हातात येतो. आत जाताना जी फट पडली ती फेव्हिकॉल भरून, शिकंज्यानं आवळून बंद करायची. पात्यानं पडणारी चीर साधारण एक मिलिमीटर. तेवढीच फट खणाभोवती राहते आणि तेवढ्यावरच खण सरकतो. वेगळी जागा ठेवावी लागत नाही.

सुटलेल्या गाभ्याच्या पुढून एक आणि मागून एक अशा दोन चकत्या कापायच्या. इथं बूड सपाट असणं कामाला येतं. गोल गाभा टेबलावर आडवा धरून कापायला गेलात तर पातं त्याला गरकन फिरवतं आणि बोटं त्याच्याबरोबर जातात. बँडसॉवर इथं मोठा घात होऊ शकतो. म्हणून खणाची खालची बाजू सपाट ठेवायची, नाहीतर लाकडाचा खाचेचा ठोकळा करून त्यात गाभा पक्का बसवायचा.

आता मधला तुकडा उरला. त्यात वरून ‘यू’ आकार कापून आतलं लाकूड काढून टाकायचं. मग पुढची आणि मागची चकती परत चिकटवायची. झाला खण. पेटीच्या मागं तिची पाठ चिकटवायची. झाली पेटी.

वाचायला दहा मिनिटं लागतात. मला चार दिवस लागले. त्यातले अडीच दिवस नुसतं घासण्यात गेले. ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशे वीस, एकशे ऐंशी, दोनशे वीस. वाळलेली बाभूळ दगडासारखी कडक असते, पात्याच्या खुणा लवकर जात नाहीत. खणाच्या आतली वळणं तर बोटाला पेपर गुंडाळूनच घासावी लागतात. शेवटी जवसाच्या तेलाचा हात दिला. कापडानं चोळला तसा लाकडाचा रंग खाली गेला, गडद झाला. खिळ्याच्या काळ्या डागाचा एक ठिपका खणाच्या तोंडावर राहिलाय. तो मी घासून काढला नाही.

पोट भरतं का त्यावर?

कॉलेजमध्ये पेटी नेली तेव्हा पहिला प्रश्न हाच. दुसरा प्रश्न, ‘ऑनलाइन टाक ना!’

खरं सांगते. माझी तिसरी पेटी रुखवतासाठी गेली. दुकानात दार करायला आलेल्या एका काकूंनी आईच्या सेफ्टीपिनांची पेटी बघितली आणि मुलीच्या रुखवतात ठेवायला तशीच, पण दोन खणांची मागितली. एकात हळद-कुंकू, एकात फणी. बाराशे रुपये दिले. लाकूड दुकानातलं उरलेलं, तेल आणि पॉलिश पेपर मिळून दीडशेचा खर्च. पण कामाचे तास मोजले तर बावीस. म्हणजे तासाला पन्नासच्या आत. बाबांना एका चौकटीत यापेक्षा जास्त सुटतात.

पण पहिल्या पेटीला चार दिवस आणि हिला तीन. घासण्याचं काम कसं कमी करायचं, एका वेळी चार ठोकळे चिकटवून कसे ठेवायचे, हे आता समजायला लागलंय. नोकरीच्या जागी ही पेटी येणार नाही. दुकानातल्या ज्या तुकड्यांना आजवर चुलीशिवाय वाट नव्हती, त्यांना एक वाट मिळाली, एवढं नक्की.

आणि आपल्याकडं पेट्यांची परंपरा नाही असं थोडंच आहे? आजीच्या काळची आरसा लावलेली फणीकरंड्याची पेटी आठवा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर कुंकवाचे करंडे नीट बघा. केळकरांनी रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते संग्रहालय उभं केलं. सावंतवाडीच्या चितार आळीत आजही लाकडाची खेळणी आणि रंगीत वस्तू होतात. तिथले गंजिफाचे पत्ते ठेवायची पेटीसुद्धा चित्रं काढलेली, लाकडाचीच. कोकणात हलकं पांगाऱ्याचं लाकूड मिळालं, त्यांनी त्याचं केलं. आमच्याकडं बाभूळ आहे. कडक आहे, रडवते, पण रंग असा की पॉलिश लागत नाही.

तुम्हाला करायचं असेल तर

एक. मशीन विकत घेऊ नका, माणूस शोधा. गावातल्या ज्या सुताराकडं बँडसॉ असेल त्याच्याकडं आठवडाभर नुसतं बघा. तो हात कुठं ठेवतो ते बघा.

दोन. हातमोजे घालायचे नाहीत. ऐकायला उलटं वाटतं, पण फिरत्या पात्यात मोजा अडकला तर तो हात ओढून नेतो. ओढणी, सैल बाही, मोकळे केस, हातातले दोरे, सगळं बाजूला. पात्यावरची जाळी लाकडाच्या अगदी जवळपर्यंत खाली ओढायची. बोटं कधी पात्याच्या रेषेत आणायची नाहीत. शेवटचा तुकडा काठीनं ढकलायचा. आवाज बदलला की आधी मशीन बंद, मग विचार.

तीन. मास्क लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या भुश्याची धूळ माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. बाबांनी आयुष्यभर मास्क लावला नाही. आता मी लावते म्हणून तेही लावतात, कधीकधी.

चार. लाकूड जुनं वापरा. मोडलेलं दार, पलंगाचा पाय, बैलगाडीची साठी. ते वाळलेलं असतं, पेटी नंतर फाटत नाही. ओलं लाकूड वापरलं तर दोन महिन्यांत खण अडकतो. फार घाईनं झाड तोडायला जाऊ नका. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडं त्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते. आणि ओंडके चिरणारी मशीन टाकायची असेल तर वन विभागाचा परवाना लागतो, तो आधी विचारून घ्या.

पाच. नीट शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा कोर्स आहे. आणि ज्यांच्या हातात आधीच हे काम आहे त्यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत, सुतार त्यातला एक. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. वय अठरा पूर्ण पाहिजे आणि एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. आमच्या घरात तो कुणी घ्यायचा, यावर सध्या चर्चा चालू आहे. आधी असा प्रश्नच नव्हता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

दुसरा तुकडा

तिफणीची पेटी आबांना दिली. त्यांनी ती कानाशी धरून खण दोन-तीनदा आतबाहेर केला. आवाज ऐकत होते. मग विचारलं, ‘खिळा कुठं मारलास?’

‘एकबी नाही,’ मी म्हटलं.

ते परत खण सरकवून बघायला लागले. आता त्यात त्यांचा चष्मा असतो, आणि पेन्सिलीचा एक तुकडा, जो त्यांना कुठंच लागत नाही.

दिंडाचा दुसरा तुकडा अजून बाकी आहे. दात्याच्या दोन भोकांमधला, फूटभर लांब, माझ्या तुकड्यापेक्षा सरळ. मी त्यावर दोन खणांचं चित्र काढून ठेवलं होतं. गेल्या रविवारी कॉलेजवरून आले तर चित्राचा कागद कुणीतरी काढून टाकलेला आणि चारही बाजू नीट रंधून ठेवलेल्या. वर पेन्सिलीनं दुसराच आकार. तीन खण, वर छोटी कमान. देव्हाऱ्याला करतात तशी.

बाबांना विचारलं तर म्हणाले, ‘तुझ्या पेटीचा खण जरा ढिला झालाय. पावसाळ्यात फुगेल म्हणून ठेवलास का?’

मी म्हटलं, ‘नाही, चुकलाय.’

‘मग ह्यात बघू,’ ते म्हणाले आणि स्विचकडं गेले. या वेळी स्विचपाशी मी उभी राहिले.